वाटी रिकामी आली

२ फेब्रुवारी

चि. टकळ्यास,
अ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलायचं तर तोंड हलवावं लागतं, आणि ते सध्या संपावर गेलंय. रेडिएशन सुरू झाल्यापासून जीभ, गाल, टाळू, सगळं आतून सोलून निघालंय. नोकरीची सगळी वर्षं बसस्टँडच्या माईकसमोर बसून गाड्या सोडल्या, कधी घसा बसला नाही. आता पाण्याचा घोट घ्यायचा तर आधी मनाची तयारी करावी लागते. घरात पाटी आणि खडू वापरते. परवा तुझ्या फोनवर नुसती हं हं करत होते तर तुला वाटलं ताई रागावली. नाही रे. रागवायलासुद्धा तोंड धड लागतं.

डॉक्टर म्हणतात, तोंडाचं हे दुखणं उपचारामुळे आहे, पुढे हळूहळू भरून येईल. पण तोवर वजन उतरता कामा नये. उतरलं तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं की नळी नको. त्यावर ते म्हणाले, मग खात जा. म्हणायला काय जातंय! मीठ लागलं की आग, आंबट लागलं की डोळ्यांत पाणी, आणि पावाची कड तर पत्र्यासारखी लागते.

तू अख्ख्या कारखान्याला जेवू घालतोस, एका म्हातारीला काय घालावं तेवढं कळव. मऊ, गुळगुळीत, न बोचणारं. मात्र करणार आहेत तुझे भावोजी, हे लक्षात ठेवून लिही. गॅसपाशी उभी राहिले की मला मळमळतं, म्हणून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात गेलंय. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले, आणि स्वतःच्या घरात साखर कुठल्या डब्यात असते ते परवा मला विचारलं! तेव्हा 'अंदाजे' आणि 'चवीपुरतं' असले शब्द वापरू नकोस. त्यांना अंदाज नाही आणि मला चव नाही.

कंबर कशी आहे? पट्टा बांधतोस की खुंटीला टांगून ठेवलायस? उलट टपाली लिही.

माया करतोसच, अशीच करत राहा.

तुझी,
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कोठीत जाऊन बसलो. बाहेर आल्यावर सगळ्यांना सांगितलं, कांदा फार तिखट निघाला. आमच्याकडे त्या दिवशी कांदा नव्हताच.

आता नीट वाच आणि भावोजींनाही वाचून दाखव, म्हणजे वाचायला दे. पहिली गोष्ट, स्टीलचा चमचा बंद. त्याची धार दुखऱ्या तोंडाला लागते आणि लोखंडाची चव येते. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा छोटा चमचा घ्या. दुसरी, काहीही गरम खायचं नाही. कोमट नाहीतर गार. तिसरी, डॉक्टरांनी तोंड बधिर करायचं जेल दिलं असेल ते खाण्याच्या थोडं आधी लाव. आणि टोमॅटो, संत्रं, लिंबू यांना सध्या घराबाहेर काढा.

भोपळा: साल काढून चहाचे दोन कप फोडी, एक कप पाणी, झाकण ठेवून अगदी गळेपर्यंत शिजवायचं. गाळणीतून दाबून गाळायचं. गाळणीत उरेल ते फेकायचं, कीव करायची नाही. मग अर्धा कप दूध आणि एक चमचा लोणी. बटाटा: उकडून कोमट दुधात घोटायचा, गाठ एकही राहता कामा नये. केळं: पूर्ण पिकलेलं, साईच्या दुधात कुस्करून. मिठाचं सांगायचं तर, मी तीनशे माणसांचं प्रमाण भागून भागून एकावर आणलं तेव्हा हातात चार दाणे उरले. ते चारही घालू नका.

आणि एक काम भावोजींना. मी कँटीनमध्ये कधी कुणाला विचारत नाही की जेवण कसं झालंय. खूश असलेला माणूसही 'छान' म्हणतो आणि घाईत असलेलाही. मी उष्टी ताटं परत येतात त्या खिडकीशी उभा राहतो. तोंड खोटं बोलतं, ताट बोलत नाही. तेव्हा वाटीत किती उरलं ते भावोजींनी मला कळवायचं. तुझ्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. पोट भरलं म्हणून स्वतःचा घास माझ्या ताटात सरकवणारी तूच ना?

ते लिहितील का पण? तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातचं जेवले तेव्हा मी पाच पदार्थ केले होते. कसं झालंय विचारलं तर म्हणाले, ठीक. इतकी वर्षं झाली, तो 'ठीक' अजून माझ्या घशात अडकलाय. भला माणूस आहे, पण भिंतीशी बोललेलं बरं.

माझा जोडीदार आचारी नोकरी सोडून गेलाय, तरी महिनाअखेरीस रजा टाकतो आणि येतो. मग बघतेस काय, स्वयंपाकघर माझं.

लहान भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टकळ्या


१४ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. सांगितल्याप्रमाणे चमचा बदलला. भोपळा, वाटी रिकामी. बटाटा, वाटी रिकामी. केळे, वाटी रिकामी.

बाकी ठीक. लोभ आहे तसा असावा.

आपला,
भावोजी


२० फेब्रुवारी

चि. टकळ्यास,
अ. आ.

प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! भोपळ्याची गाडी वेळेवर सुटली आहे. बटाट्याची गाडी, चालकाने दूध उतू घालवल्यामुळे, थोडी उशिरा सुटली. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

खरंच सांगते, भोपळा काय सुरेख झाला होता. आधी गोडसर लागतो, मग लोण्याचा स्निग्धपणा जिभेवर पसरतो, आणि शेवटी दुधाची साय असते ना तसा वास मागे राहतो. बटाटा पहिल्या दिवशी गाठींचा झाला, दुसऱ्या दिवशी मात्र ढगासारखा. तुझे भावोजी गाळणीसमोर असे उभे राहतात की जणू मीटरचा आकडा वाचतायत. परवा भोपळा तळाला लागला तर पातेलं लपवून ठेवलं, पलंगाखाली! मला वास आला. नाक अजून शाबूत आहे म्हटलं, म्हणजे पाटीवर लिहिलं. लहान मुलासारखे ओशाळले.

आणखी पाठव. जरा वेगवेगळं पाठव, तेच तेच नको. अंड्याचं काही असेल तर तेही. आणि थोडं अवघड असलं तरी चालेल, आता हात बसायला लागलाय.

तू रजेचं लिहिलं आहेस. इतक्यात धावत येऊ नकोस. तिकडे माणूस नाही, तुझ्या भरवशावर तीनशे पोटं आहेत, आणि इथे सगळं नीट चाललंय. वाटीच साक्षीला आहे की तुझी. उन्हं वाढली की ये सावकाश.

तुझ्या मायेवरच तर चाललंय सगळं, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कँटीनमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. साय, लोणी, ढग! इतक्या वर्षांत माझ्या जेवणाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मॅनेजरसुद्धा म्हणाला, तुमच्या बहिणीला इथे जेवायला बोलवा. मी म्हटलं, बरी झाली की आणतोच.

रजेचा अर्ज खिशात होता, तो परत ठेवून दिला. तुला खोटं कशाला सांगू, मनात धाकधूक होती. पण तीन वाट्या रिकाम्या म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. नवा आचारी एप्रिलमध्ये येतोय, तेव्हा चांगली लांब रजा घेऊन येतो.

आता कस्टर्ड. दोन अंडी, दीड कप दूध, दोन चमचे साखर. फेटून गाळायचं, वाटीत ओतायचं, ती वाटी पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर. आच मोठी केली की अंडं फाटलंच म्हणून समजा. वाटी हलवल्यावर मधे नुसती थरथर दिसली पाहिजे, तिथेच गॅस बंद. हे 'तिथेच' लिहून सांगता येत नाही, दोनतीनदा बिघडवावं लागतं. शिवाय सफरचंद वाफवून गाळून, ओट दुधात शिजवून, आणि पिवळी डाळ घोटून तिचं वरचं पातळ. सगळ्याची मापं मागच्या पानावर लिहिली आहेत.

माझ्या टॉन्सिलचं ऑपरेशन आठवतं? मी तोंड उघडायला तयार नव्हतो, आणि तू बर्फ फडक्यात गुंडाळून पाट्यावर ठेचून त्याचा चुरा मला बोटाने भरवला होतास. आई कामावर गेलेली. तूच केवढीशी होतीस तेव्हा. बर्फ चघळत जा गं, बरं वाटतं.

भावोजींना म्हणावं कस्टर्ड जमलं तर मानलं. तुझी माया जन्मभर खाल्ली, अजून भूक आहे.

तुझा,
टकळ्या


१२ मार्च

स. न. वि. वि.

हे पत्र तिला न सांगता लिहीत आहे. मला फार लिहिता येत नाही. चुकले तर समजून घ्यावे.

वाट्या रिकाम्या होत्या हे खरे आहे. पण त्या मी रिकाम्या केल्या. तिने पहिल्या भोपळ्याचे दोन चमचे कसेबसे गिळले, तिसरा परत आला. त्यानंतर तिला काही गेले नाही. दूध पाणी घालून, ती डॉक्टरांनी दिलेली पावडर थोडी, आणि बर्फाचा चुरा, एवढ्यावर आहे. पण रोज मला काहीतरी करायला लावते. केले की खायला लावते. खाल्ले की कसे लागले ते विचारते. मी ठीक म्हटले की पाटीवर लिहिते, म्हणजे कसे? सांगेपर्यंत सोडत नाही. साय, लोणी, ढग, जे तिने आपल्याला लिहिले ते माझ्या तोंडातून तिने ओढून काढले आहे. माझ्या पँटचा पट्टा एक भोक पुढे गेला आहे आणि तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. मला लाज वाटते.

आणखी एक. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले. आजार छातीत उतरला आहे. ते म्हणाले, रेडिएशन पुढे चालू ठेवून फायदा नाही, नळी घालून थोडे दिवस वाढतील. तिने विचार करून नळीला नको म्हटले. मी खूप विनवले. आपल्याला कळवू नका अशी शपथ घातली. मी आपल्याला 'वाटी रिकामी' लिहिले तेव्हा खोटे लिहिले नाही अशी मनाची समजूत घातली होती. काल कस्टर्ड जमले. मधे थरथर, तिथेच बंद केले. वाटी हातात घेऊन उभा राहिलो आणि मला ते खाववेना. म्हणून हे पत्र.

आपण यावे. रागावला तरी चालेल, पण यावे.

आपला,
भावोजी


१६ मार्च

ती. भावोजींस,
सा. न.

मी इथे लोकांना ताईचं पत्र वाचून दाखवत होतो. ती जगतेय म्हणून स्वयंपाक करताना शिट्टी वाजवत होतो, कुणी ऐकली नसेल अशी. रजेचा अर्ज खिशात होता तो मी तुमच्या तीन वाट्यांवर विश्वास ठेवून परत कपाटात टाकला. महिना गेला भावोजी. माझ्या बहिणीचा एक महिना. तिच्याकडे फारसे महिने नाहीत हे तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं.

ताट खोटं बोलत नाही म्हणून मीच सांगितलं होतं तुम्हाला. खोटं बोलायचा रस्ता मीच दाखवला. तरी एक शब्द लिहायला काय झालं होतं? जन्मभर तुम्ही गप्प बसलात ते मी हसण्यावारी नेलं. या वेळचं गप्प बसणं मला सोसत नाही.

मॅनेजरशी भांडलो आहे. नवा आचारी येवो न येवो, मी शनिवारी निघतो. ताईला हे पत्र दाखवलंत तरी चालेल. तिच्यावरही मी रागावलो आहे म्हणून सांगा.

नमस्कारापुढे काही लिहवत नाही.

टकळ्या


२० मार्च

चि. टकळ्यास,
अ. आ.

तुझं पत्र त्यांनी माझ्या उशाशी आणून ठेवलं आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. वाचलं. आता पडूनच लिहिते, तेव्हा अक्षर गोड मानून घे. तू निघायच्या आत पोचावं म्हणून शेजारणीला उद्या पहाटेच्या, तुझ्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरपाशी द्यायला सांगितलंय. तो मला आवाजावरून ओळखतो, नाही म्हणणार नाही.

रागव. पण जिच्यावर रागवायचं तिच्यावर रागव. त्यांना शपथ मी घातली होती.

पहिला भोपळा खरोखर माझ्यासाठीच होता रे. तुझ्या भोपळ्यात खोट नव्हती, माझ्या घशातच आता जागा नाही. तिसरा चमचा परत आला तेव्हा ते वाटी धरून बसून राहिले. मी पाटीवर लिहिलं, तुम्ही खा, वाया नको. त्यांनी खाल्लं. आणि मग मला विचारलं, थोडं मीठ घातलं तर चालेल का? इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मीठ कमी आहे की जास्त हे कधी सांगितलं नव्हतं. मी जे पुढे ठेवलं ते खाल्लं. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की मी गेल्यावर याचं काय होणार. आम्हाला मूलबाळ नाही. हे चहा आणि बिस्किटांवर दिवस काढतील, आणि कुणी विचारलं तर ठीक म्हणतील.

म्हणून तुझ्याकडून मागत गेले. मी खात नव्हते, शिकवत होते. तू मापं लिहायचास, मी पाटीवर ओरडायचे, ते करपवायचे. चव बोलून दाखवायला लावत होते ती एवढ्यासाठी की ज्याला चव सांगता येत नाही त्याला स्वयंपाक कुठून येणार? आता भोपळा, बटाटा, ओट, डाळ, कस्टर्ड, सगळं येतं. त्या दिवशी कस्टर्ड जमलं तेव्हा पाटी लागली नाही. त्यांचं तोंड बघूनच कळलं मला.

तुला थांबवलं तेही त्याचसाठी. तू आला असतास तर दारातच बाह्या सरसावल्या असत्यास. डाव त्यांच्या हातातून काढून घेतला असतास आणि ते निमूटपणे बाजूला झाले असते. तू चार दिवस छान जेवू घातलं असतंस आणि तुझ्यामागे पुन्हा बिस्किटं. मला तू हवा होतास. रोज हवा होतास. पहिली गाडी सुटल्याचा भोंगा ऐकला की वाटायचं, हिच्याबरोबर चिठ्ठी धाडली तर रात्रीपर्यंत टकळ्या येऊन पोचेल, लिहावं का? आणि मी लिहीत नव्हते. तुझा महिना गेला तसा माझाही गेला. त्याचं मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, आणि तरी पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. बहिणीवर याहून मोठा राग धरायला तुला आणखी कारण नको.

मरणाची भीती वाटते का असं तू विचारशीलच, तुला राहवणार नाही. वाटते. रात्रीपेक्षा दुपारी जास्त वाटते, घर शांत असतं तेव्हा. भूकही लागते, गंमत बघ. पोटाला कुणी सांगितलेलंच नाही.

आता ऐक. शनिवारी ये. आलास की माझ्यापाशी बस, हवा तेवढा रड, मीही रडीन. मग स्वयंपाकघरात जा, पण कशालाही हात लावायचा नाही. स्टूल घे आणि कोपऱ्यात बस. त्यांना आता चावून खायचं काहीतरी शिकव. माझ्या दुखण्यापायी धडधाकट दातांचा माणूस पेजपाण्यावर आलाय, हे बरं नाही. चुकले तर चुकू दे, करपलं तर करपू दे. तू टकळी चालव, ते हं हं करतील. मी इथून ऐकत पडून राहीन. तुम्हा दोघांचा आवाज एका खोलीतून येतोय असं मी कधी ऐकलेलंच नाही. नेहमी मधे मी असायचे, इकडचं तिकडे सांगत.

मी मधून निघाल्यावर तुम्ही एकमेकांचे कोण, असं तुम्हा दोघांच्याही मनात येईल. तू नोकरीला जाशील, ते दार लावून घेतील, नमस्काराची दोन पत्रं होतील आणि मग तीही बंद पडतील. हे होऊ देऊ नकोस. दर आठवड्याला त्यांना लिही, काय केलं आणि कसं लागलं ते विचार, आणि ठीक म्हणाले तर सोडू नकोस.

आयुष्यभर प्रत्येक पत्राच्या शेवटी तुझ्याकडे माया मागत आले, आणि तू ती कधी कमी पडू दिली नाहीस. यापुढे ती त्यांच्या नावावर कर.

तुझी,
ताई